शालिकनं खोललेलं इंजिन

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आधी गाडीभोवती एक चक्कर मारतो. टायरला चपलेचं टोक लावून बघतो, दारं उघडून लावतो, आणि मग बॉनेटकडे बोट दाखवून विचारतो, “इंजन खुला है क्या?” आमच्या भिलाईत मराठी, तेलुगू, बंगाली, पंजाबी, कोणीही असो, हा प्रश्न हिंदीतच विचारला जातो. जुनवानीच्या रस्त्याला माझं जुन्या गाड्यांचं छोटं यार्ड होतं. तिथे बसून मी हा प्रश्न इतका ऐकला, की आमच्या मराठी मंडळाच्या अंकासाठी आपल्या धंद्यावर काहीतरी लिहा असा आग्रह झाला तेव्हा दुसरं काही आठवेचना.

ज्यांचा गाड्यांशी संबंध फक्त बसण्यापुरता आहे, त्यांच्यासाठी थोडं सांगतो. गाडी बरीच वर्षं चालली की इंजिन आतून झिजतं. ज्या नळीत पिस्टन वरखाली होतो ती नळी सैल होते, ऑइल जळू लागतं, मागून निळसर धूर येतो, चढावर गाडी दमते. मग इंजिन उतरवून पूर्ण खोलावं लागतं. नळी पुन्हा कोरून नवे पिस्टन बसवायचे, क्रँक घासून घ्यायचा, नळ्यांवरचं झाकण म्हणजे हेड सपाट करायचं, व्हॉल्व्ह बसवायचे. हे काम चांगल्या मिस्त्रीच्या हातून झालं, तर इंजिन पुन्हा तरणं होतं. म्हणजे गाडीची किंमत वाढायला हवी, असं कोणालाही वाटेल.

बाजारात होतं उलटं. ज्या इंजिनाला कंपनीनंतर कोणाचा पाना लागलेला नाही, त्याला आम्ही सीलबंद म्हणतो. ते आतून कितीही थकलेलं असो, भाव त्यालाच. खुललेलं इंजिन म्हटलं की गिऱ्हाईक एक पाऊल मागे सरकतं. त्यांचंही चुकत नाही. कित्येक लोक गाडी विकायच्या आधी इंजिन खोलतात ते फक्त धूर दाबण्यापुरतं. जुन्या पिस्टनवर स्वस्तातल्या रिंगा चढवायच्या, जाड ऑइल ओतायचं, सांध्यांवर सीलंट फासायचं. सौदा होईपर्यंत गाडी गुण्यागोविंदानं चालते. चांगलं काम आणि असली लबाडी बाहेरून सारखीच दिसते. आतलं दिसत नाही म्हणून गिऱ्हाईक दोन्हींना एकाच भावात तोलतं.

स्टील प्लांटच्या सेक्टरमधले एक रिटायर्ड क्रेन ऑपरेटर एकदा यार्डात आले. गाडीत जे जे बदललं होतं त्याची सगळी बिलं त्यांनी पिशवीत भरून आणली होती. इंजिन, क्लच, गिअरबॉक्स, शॉकअब्सॉर्बर. त्यांचं म्हणणं, गाडीचा बाजारभाव घ्या आणि त्यात ही बिलं मिळवा. मी म्हटलं, “काका, तुमी दातं नवीन बसवले म्हनून तुमचं वय कमी झालं काय?” ते आपल्या नव्या कवळीसकट इतके हसले, की मलाच ओशाळल्यासारखं झालं. चहा पिऊन गेले. गाडी विकली नाही. पुढे कित्येक वर्षं स्वतःच चालवत होते, आणि रस्त्यात मी दिसलो की हॉर्न वाजवून दात दाखवायचे.

मी लोकांना कायम एकच सल्ला देत आलो. गाडी चालवायची असेल तर इंजिन करा, विकायची असेल तर आहे तशी विका.

माझा हा सल्ला ज्याला कधीच पटला नाही तो म्हणजे शालिक मेश्राम. मोहन नगरला त्याचं गॅरेज होतं. आम्ही दोघं भंडाऱ्याकडचे, दोघांचेही वडील प्लांटमध्ये, शाळा एक. मी गाड्या विकायला लागलो, तो इंजिनं करायला. उंच, वाकलेला, बोलायला फटकळ. लेथवाल्यानं नळी केसभर जास्त कोरली तर ते काम त्याच्याच अंगावर परत टाकायचा. घाई करणाऱ्या गिऱ्हाइकाला म्हणायचा, “भाऊ, मंग दुसरीकडं ने. मी भजे तळून नाई राहिलो.”

आमचं भांडण ठरलेलं. “मनोहर,” तो म्हणायचा, “मी जे करून देतो थे कंपनीच्या वरचं हाय. अन् तू त्याचा भाव कमी सांगतं. तुले लाज कशी वाटत नाई बे?”

“भाव मी ठरवतो काय? घेनारा ठरवते.”

“मंग त्याले समजावून सांग ना.”

इथेच खरी अडचण होती. कोणी विचारलं तर मी खोटं बोलत नसे, पण विचारायच्या आधी सांगतही नसे. कोणत्याही दुकानदाराला हे समजेल. शालिकला समजत नव्हतं. तो कामानिमित्त यार्डात आला, आणि त्यानं केलेली गाडी गिऱ्हाईक बघत असलं, की दुरूनच ओरडायचा, “ये इंजन मैंने खोला है!” एखाद्या बापानं पोरीचा निकाल सांगावा तसा. गिऱ्हाईक बॉनेट खाली टाकून निघून जायचं, आणि हा मला विचारायचा, “कावून गेला थो?”

रामटेकेभाऊंच्या गाडीची गोष्ट यातलीच आहे.

रामटेकेभाऊ प्लांटच्या ब्लास्ट फर्नेसमध्ये होते. माझ्या थोरल्या भावाचे मित्र, म्हणून त्यांच्या बायको सुशीलाताई माझ्या वहिनी. त्यांची पांढरी डिझेल गाडी नागपूरहून येताना तापली. राजनांदगावच्या अलीकडे बंद पडली आणि दोरीनं ओढत भिलाईला आणावी लागली. हेड वाकलं होतं, पिस्टन घासले होते. भाऊंची रिटायरमेंट जवळ आलेली. मी नेहमीचा सल्ला दिला, “भाऊ, आता यात पैसे घालू नका. विकायले गेले तर एक पैसा परत येनार नाई.”

“विकतो कोन?” भाऊ म्हणाले. “रिटायर झालो का मी अन् तुयी वहिनी गाडीनं फिरनार. पयले गावाले, मंग जिकडं रस्ता जाईल तिकडं.”

शालिकनं इंजिन केलं. भाऊ सुट्टीच्या दिवशी गॅरेजमध्ये जाऊन स्टुलावर बसायचे. भट्टीसमोर उभं राहून आयुष्य गेलेला माणूस, त्यांना लोखंडाचं काम बघायला आवडायचं. गाडी तयार झाली तेव्हा आवाज असा, की बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवला तरी लहर उठू नये. भाऊ रिटायर झाले. दोघं एकदा गावाला जाऊन आले. आणि त्यानंतर काही महिन्यांतच भाऊ गेले. सकाळी फिरून आले, पायरीवर बसले आणि उठलेच नाहीत.

क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा वहिनी यार्डात आल्या. मुलगी नागपूरला होती, तिच्याकडे जाणार होत्या. त्यांना गाडी चालवता येत नव्हती. माझ्यासमोर बसल्या, पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या, “भाऊजी, गाडी विकून द्या. पन भंगाराच्या भावात देऊ नका.”

“नाई देनार, वहिनी.”

“आमच्या घरचे सगळे म्हनून राहिले का यायनं म्हातारपनी इंजिनात पैसे पान्यात घातले. जावई बी म्हने, मनोहरकाकांनी तर नाईच म्हटलं होतं.” त्यांनी पेला खाली ठेवला. “गेलेल्या मानसाले उत्तर देता येत नाई ना. म्हनून भाव पायजे. मले पैशाचं एवढं नाई.”

आयुष्यभर मी लोकांना गाडीचा भाव सांगितला. त्या दिवशी पहिल्यांदा असं वाटलं की मला एका माणसाचा भाव मिळवून द्यायचा आहे, आणि ज्या सल्ल्याचा मला अभिमान होता तोच आता माझ्या विरुद्ध उभा आहे.

पहिलं गिऱ्हाईक आलं ते बँकेतले एक साहेब. गाडी आवडली, चालवून पाहिली, खूश झाले. प्रश्न आला. मी सांगितलं, हो, खुललं आहे, पण पूर्ण काम झालेलं आहे. ते म्हणाले, घरी विचारून सांगतो. आमच्या धंद्यात घरी विचारून सांगतो म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत असतं.

दुसरा दलाल होता, रायपूरचा. त्यानं बॉनेट उघडलं, इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण काढलं आणि तोंडावर तळहात धरला. झिजलेल्या इंजिनात तिथून वाफ मारते. इथे काहीच नाही. हात कोरडा. इंजिन चांगलं आहे हे त्याला कळलं, पण त्यानं बोल्टच्या डोक्यांवरच्या पान्याच्या खुणांवर बोट ठेवलं आणि भाव असा पाडून मागितला, की मी गाडीची किल्ली खिशात घातली.

तिसरं गिऱ्हाईक जवळजवळ पटलं होतं. नवराबायको, दोघं शिक्षक, आणि इंजिनाचा प्रश्न त्यांनी विचारलाच नव्हता. पैसे कधी द्यायचे इथपर्यंत बोलणं आलं होतं. तेवढ्यात शालिक स्कूटरवरून उतरला. मी डोळ्यांनी खुणावलं, मान हलवली, शेवटी खोकलोसुद्धा. तो सरळ गाडीपाशी गेला, बॉनेटवर थाप मारली आणि म्हणाला, “ले जाओ सर, आँख बंद करके ले जाओ. एक एक पुर्जा मैंने खोला है।”

शिक्षकबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. झालं.

ते गेल्यावर मी शालिकवर इतका भडकलो की शेजारचा पंक्चरवाला बघायला आला. “तुले तोंड बंद ठेवता येत नाई काय? वहिनीची गाडी हाय थे!”

“मी काय खोटं बोललो?”

“खरं बोलाचं बी टायमिंग असते!”

तो खरंच दुखावला. हळू आवाजात म्हणाला, “रामटेकेभाऊ माया बाजूले बसून राहत होते, मनोहर. या कामाची मी लाज धरू काय?”

संध्याकाळी वहिनींना फोन करून झालेलं सांगितलं, तर त्या शालिकवर रागावल्याच नाहीत. म्हणाल्या, “थे मिस्त्री खोटं तं नाई बोलले ना. राहू द्या. येईल दुसरं कोनी.”

दुसरा आला तो धनसाय. धमधाकडचा टमाटरवाला शेतकरी, खांद्यावर गमछा, पायात धुळीनं पांढरे झालेले बूट. गाडीच्या भोवती चक्कर मारली नाही, टायर बघितला नाही. बॉनेट उघडायला लावलं आणि विचारलं. पण त्याचा प्रश्न वेगळा होता.

“एकर इंजन ला कोन खोले हे?”

याचं इंजिन कोणी खोललं? इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. खुललं आहे हे त्याला दिसतच होतं. मी शालिकला फोन लावला. तो आला, या वेळी गप्प, माझ्याकडे बघत. मी म्हटलं, बोल आता.

“मैं खोला हूँ,” शालिक म्हणाला.

धनसायनं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं, आणि गाडी पाहायची सोडून त्याचे हात पाहिले. मग म्हणाला, “त फेर मोर आघू म खोल के देखा।” माझ्यासमोर पुन्हा खोलून दाखव.

मला वाटलं चेष्टा करतोय. एकदा खुललेल्या इंजिनाला गिऱ्हाईक मिळेना, तिथे दुसऱ्यांदा खोलायचं, आणि यानं नाही म्हटलं तर दोनदा खुललेली गाडी घेऊन मी वहिनींसमोर कोणत्या तोंडानं उभा राहू? मी शालिकला बाजूला घेऊन हे सांगायला लागलो, पण त्याचं लक्षच नव्हतं. त्याचा चेहरा असा उजळला होता, जशी कोणी इतक्या वर्षांनी त्याला नीट नाव घेऊन हाक मारली असावी.

“कल सुबह आना,” तो धनसायला म्हणाला. मग माझ्याकडे वळून म्हणाला, “हेड उघडलं का नवं गॅस्केट लागते. थो खर्च माया.”

मी वहिनींना विचारलं. गाडी त्यांची, जोखीम त्यांची. त्या म्हणाल्या, “मी बी येतो पाहाले.”

दुसऱ्या दिवशी मोहन नगरला शालिकच्या गॅरेजमध्ये आम्ही सगळे जमलो. वहिनी थर्मासमधून चहा घेऊन आल्या. धनसायनं गमछ्यात तांदळाची जाड अंगाकर रोटी बांधून आणली होती. टिफिन आणला म्हणजे हा माणूस शेवटपर्यंत बसणार, हे मी ओळखलं. शालिकनं पाणी काढलं, बेल्ट उतरवला, एकेक नट काढून स्वच्छ कापडावर ओळीनं मांडत गेला. गल्लीतले चार लोक दारात येऊन उभे राहिले. शेवटी त्यानं हेडचे बोल्ट सैल केले आणि हेड दोन्ही हातांनी उचलून बाजूला ठेवलं. चारही नळ्या उघड्या पडल्या.

“आव,” त्यानं धनसायला बोलावलं आणि हातात बॅटरी दिली.

नळीच्या आतल्या अंगाला बारीक तिरप्या रेघा होत्या, एकमेकींना छेद देणाऱ्या, विणलेल्या चटईसारख्या. नळी कोरल्यावर दगडानं घासून या रेघा मुद्दाम पाडतात. त्यांच्यात ऑइल धरून राहतं. इंजिन झिजलं की या रेघा पुसतात आणि नळी आरशासारखी चकचकीत होते. इथे भाऊंनी आणि वहिनींनी गावापर्यंत जाऊन येऊनही प्रत्येक रेघ दिसत होती. धनसायनं चारही नळ्यांत बोट फिरवलं. बोट वर काढून पाहिलं.

वहिनी पुढे आल्या. “मले बी दाखवा.”

शालिकनं त्यांच्यासाठी बॅटरी धरली. त्या वाकून बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “हे घरी येऊन सांगत होते, सुशीला, शालिकनं आत नक्षी काढली हाय. मले वाटे गंमत करून राहिले.”

शालिकनं तोंड फिरवलं आणि विनाकारण एक पाना पुसायला लागला.

धनसायनं गाडी घेतली. सीलबंद गाडीचा भाव मिळाला असं मी सांगणार नाही. बाजार एका दिवसात बदलत नाही. पण बाकी सगळ्यांनी मागितलं होतं त्याच्या पुष्कळ वर त्यानं दिलं, आणि घासाघीस न करता दिलं. पैसे माझ्या हातात न देता वहिनींच्या हातात दिले, आणि वाकून नमस्कार केला. मी या सौद्यात दलाली घेतली नाही. शालिकनं गॅस्केटचे पैसे घेतले नाहीत. वहिनींनी आम्हा दोघांवर रागावून पाहिलं, पण आम्ही ऐकलं नाही.

निघताना त्यांनी मला विचारलं, “मंग भाऊजी, यायचे पैसे पान्यात गेले नाई ना?”

धंद्याच्या हिशोबानं काही गेलेच होते. मी काही बोलायच्या आत शालिक म्हणाला, “पान्यात कसे जातीन बाई? गाडी चालून राहिली ना.”

तेव्हापासून मी माझा सल्ला थोडा बदलला. आधीचं सगळं सांगतोच, पण शेवटी विचारतो, खोलणार कोण? मिस्त्रीचं नाव सांगता येत असेल आणि त्या नावाला कोणी ओळखत असेल, तर खुललेल्या इंजिनालाही भाव असतो. वाईट एवढंच, की आता तसे मिस्त्री राहिले नाहीत. नव्या गाड्यांची इंजिनं कोणी फारशी खोलत नाही. बिघडलं की अख्खं बदलतात. नवं बसवलं की त्याचा नंबर आरटीओत चढवा म्हणजे झालं. शालिकचं गॅरेज बंद झालं. तिथे आता मोबाईलच्या काचा लावतात.

मी यार्ड आवरायला घेतलं होतं, तेव्हा धनसाय तीच गाडी घेऊन आला. त्याला पिकअप घ्यायची होती. रंग उडाला होता, सीटवर टमाटरच्या क्रेटचे ओरखडे, पण इंजिनानं त्याला एकदाही रस्त्यात सोडलं नव्हतं. घ्यायला आला सुपेल्याचा एक तरुण, औषधांच्या दुकानाचा मालक. मराठी घरचा, पण बोलायचा हिंदी. त्यानं प्रश्न विचारला. मी म्हटलं, “हाँ, खुला है। दो बार।” त्यानं बॉनेटवरचा हात काढून घेतला.

“शालिक मिस्त्रीनं खोललं हाय,” मी म्हटलं.

“कौन शालिक?”

या दोन शब्दांनी मला जेवढं लागलं तेवढं कोणत्याही मोडलेल्या सौद्यानं लागलं नव्हतं. मी त्या तरुणाला गाडीत बसवलं आणि थेट मोहन नगरला शालिकच्या घरी घेऊन गेलो.

आयुष्यभर इंजिनांच्या आवाजात राहून शालिकचे कान गेले आहेत. कानाचं मशीन लावून दिलं तर ते खिशात ठेवतो. अंगणात खाट टाकून बसला होता. गाडी बघून उठला. बॉनेट उघडायला लावलं, इंजिन चालू करायला लावलं, आणि ऐकू येत नसल्यामुळे त्याच्यावर तळवा ठेवून डोळे मिटले. मग म्हणाला, “बराबर हाय. तीन नंबरचा टॅपेट थोडा सेट करून घे, बाकी हात लावू नको.”

तरुणाला काय वाटलं कोण जाणे. तो निघून गेला नाही. बॉनेटजवळ उभं राहून त्यानं मला एक भाव सांगितला. कमीच होता.

शालिकनं मान हलवली. “कमी हाय.”

तरुण चपापला. मीही. शालिकनं जन्मात कधी भावाच्या बोलण्यात तोंड घातलं नव्हतं. पोरानं थोडं वाढवलं. शालिक त्याच्या ओठांकडे बघत होता. पुन्हा मान हलवली.

“कमी हाय.”

“अंकल, पुरानी गाड़ी है,” तरुण म्हणाला आणि आणखी वाढवलं. त्या वयाच्या गाडीला मीही मागितला नसता एवढा भाव झाला. शालिक पुन्हा तोंड उघडणार, तेवढ्यात मी त्याचा दंड दाबला आणि तरुणाशी हात मिळवला.

तो गाडी घेऊन गल्लीच्या वळणाला दिसेनासा झाल्यावर मी शालिकच्या कानाशी जाऊन ओरडलो, “खरं सांग, तुले भाव ऐकू येऊन राहिला होता काय बे?”

“कोनता भाव?” तो म्हणाला. “कोनताबी असो, या इंजिनाले कमीच हाय.” मग काळजीनं गल्लीच्या वळणाकडे बघत राहिला. “त्याले ऑइल टायमावर बदलवाले सांगतलं ना तू?”